उचललेला माग

धोट्याचा आवाज थांबला की त्या घरात सगळ्यांत आधी म्हातारीला कळायचं. दिवसभर ती उंबऱ्याशी बसून सुताच्या कांड्या भरायची. डोळे अधू झाले होते, पण कान देवानं शाबूत ठेवले होते. आतल्या खोलीत, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून तिचा मुलगा माग चालवत असायचा. धोटा इकडून तिकडे, फणीचा ठोका, धोटा तिकडून इकडे. त्या ठेक्यातला एक ठोका चुकला तरी तिची मान वर व्हायची.

"काय तुटलं रे?"

"काही नाही आई. कुणीतरी आलंय."

आलेली मुलगी शहरातल्या डिझाइनच्या कॉलेजात शिकत होती. पूर आता वरचेवर येतात, त्याला तोंड द्यायची तयारी माणसं कशी करतात, याचा अभ्यास तिला करायचा होता. शाळेच्या मास्तरांनी तिला विणकराच्या घरी आणून सोडलं, कारण तिथं एक कोपऱ्यातली खोली रिकामी होती.

मुलगी स्वभावानं गोड होती, पण तिच्या हाताला चैन नव्हती. चूल, बादल्या, दाराची कडी, गल्लीचा उतार, दिसेल ते ती कागदावर काढायची. तिसऱ्या दिवशी म्हातारीनं तिला जवळ बसवून बोटं चाचपली आणि म्हणाली, "पेन्सिलीनं घट्टा पडलाय बाई तुला. तू रेघवालीच." तेव्हापासून गल्ली तिला रेघवाली म्हणू लागली.

रेघवाली घरोघर एकच प्रश्न विचारायची. इशारा झाला तर आधी काय उचलाल?

गल्लीत बहुतेक विणकरच. उत्तरही सगळ्यांचं एकच. आधी म्हातारी माणसं, मग पोरंबाळं, मग कागदपत्रं. गल्लीच्या तोंडाशी भट्टी असलेला लोहार तेवढा म्हणाला, "पूर्वी नदी सांगून यायची. आधी गढूळ व्हायची, मग फेस धरायची. घरंदार आवरून माणूस वाट बघत बसायचा. आता वर कुठंतरी ढग फुटतो, इथं ऊन पडलेलं असतं, आणि पाणी दारात. तेव्हा मी काय उचलीन, ते मलाच बघायचंय."

विणकराला विचारलं तेव्हा तो मागावरून मान न उचलता म्हणाला, "आईला. दुसरं काय?"

चुलीपाशी त्याच्या बायकोच्या हातून पातेल्यावर झाकण जरा जोरातच पडलं. मागच्या पुरापासून ती नवऱ्याशी लागेल तेवढंच बोलायची. पूर्वी दुपारी पाण्याचा तांब्या ती खड्ड्याच्या काठावर त्याच्या हाताशी ठेवायची. आता तो दारात ठेवायची. तहान लागली की त्यानं खड्ड्यातून उठून यायचं.

रेघवालीनं मास्तरांना सांगून एक तालीम ठरवली. भर दुपारी शाळेची घंटा वाजेल, ती वाजली की खरंच पाणी आलंय असं समजून सगळ्यांनी शाळेत यायचं. शाळा टेकाडावर होती. पाणी तिथवर कधी पोचलं नव्हतं.

घंटा वाजली. लोक हसत-खिदळत आले. न्हाव्यानं काखेत मोठा आरसा मारून आणला होता. "तोंड दाखवायला जागा राहिली पाहिजे," तो म्हणाला. एकीनं कोंबडी आणली आणि नवऱ्याला घरी विसरली. हसू ओसरल्यावर रेघवालीनं माणसं पाहिली आणि तिच्या लक्षात आलं, की न्हावी आला, लोहार आला, पण विणकर कुणीच आलेलं नाही. त्यांच्या बायका वाटेत उभ्या होत्या आणि मागं वळून वळून बघत होत्या.

ती पळत गल्लीत गेली. तिच्या यजमानांच्या उंबऱ्यावर म्हातारी गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती.

"आजी, घंटा झाली. तुम्ही निघाला नाहीत?"

"निघते की. त्याचं एवढं हातभर विणून होऊ दे."

आत विणकर खड्ड्यात उभा होता. त्याचा तळहात ताणलेल्या सुतावर होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. रेघवालीच्या मागोमाग लोहारही येऊन दारात टेकला होता. "काय राव, तालमीतसुद्धा बुडायचं ठरवलंत का?" त्याच्या मागं दोघं-तिघं हसले. विणकराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो खाली बसला आणि विणू लागला.

संध्याकाळी सूत पिळता पिळता बायकोनं रेघवालीला सगळं सांगितलं.

"मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, चढवायला घरातली सगळी माणसं राबतात. एकेक धागा फणीतून ओवायचा. मग महिनाभर तो माग म्हणजे घरातलं तान्हं. मध्ये सोडता येत नाही. मागच्या वेळी पाणी आलं तेव्हा हे म्हणाले, तू हो पुढं, मी एवढं सोडवून आलो. मी थांबले. पाणी कमरेला लागलं तशी सासूबाईंना पाठीवर घेतलं नि निघाले. छातीएवढ्या पाण्यातनं. माझा पाय घसरला असता तर दोघीही गेलो असतो. हे आले भिंत पडल्यावर. माग गेला तो गेलाच."

"मग काकांनी मला 'आईला' असं का सांगितलं?"

"आईच्या आधी सूत उचलीन असं परक्या मुलीला कोण सांगेल बाई? सगळ्या गल्लीचं तेच आहे. बोलायची लाज वाटते."

रेघवाली त्या रात्री कॉलेजात दाखवायला काढलेले सगळे कागद चाळत बसली. पाठीवरच्या पिशव्या, शिट्ट्या, पाण्यावर तरंगणाऱ्या चटया. सकाळी तिनं ते बाजूला सारले आणि विणकरासमोर खड्ड्याच्या काठावर मांडी घालून बसली.

"काका, माग सोडवायचा नाही. आहे तसा उचलायचा."

"माग काय घागर आहे उचलायला? खांब जमिनीत पुरलेत."

"पुरलेले नकोत. चारही खांब एका चौकटीत बांधू. चौकट जमिनीत बसवलेल्या लाकडांच्या खाचांत बसेल, हलणार नाही. घंटा झाली की चार कोपऱ्यांना चार दोर, वर तुळईला कप्प्या. सूत, फणी, विणलेलं कापड, सगळं तसंच आढ्याला."

विणकरानं धोटा टाकला. फणी ठोकली. मग म्हणाला, "बापजाद्यांनी पुरलेले खांब आहेत."

उंबऱ्यावरून आवाज आला. "बापजाद्यांचे मागच्या पुरात वाहून गेले. हे तूच पुरलेस. माझ्यासमोर."

मागावरचं कापड उतरलं तसं काम सुरू झालं. विणकरानं स्वतःच्या हातानं खांबांच्या बुडाची माती उकरली. पहार चालवताना त्याचा चेहरा दात उपटून घेणाऱ्या माणसासारखा झाला होता. लोहारानं जुन्या रहाटांच्या कप्प्या घासूनपुसून दिल्या, त्यांना नवे आकडे ठोकले, तुळईखाली दोन टेकू दिले. "तुळई मोडली तर माग तुमच्या डोक्यावर पडेल," तो म्हणाला, "म्हणजे पुराची वाट बघायला नको." रेघवालीनं मोजून मापून खाचा आखल्या. तासणी तिला धरता येत नव्हती. विणकराच्या बायकोनं ती तिच्या हातातून काढून घेतली आणि खाचा स्वतः कोरल्या. कामाच्या त्या दिवसांत घरात बोलणं वाढलं होतं. "धर", "सोड", "जरा डावीकडे" एवढंच, पण नवराबायको एकमेकांशी बोलत होते.

रिकामी चौकट वर गेली. अलगद खाली आली. पुन्हा वर गेली. रेघवाली टाळ्या पिटायची तेवढी राहिली होती.

मग नवा ताणा चढला, वीतभर कापड विणून झालं, आणि भरल्या मागाची तालीम ठरली. चार कोपऱ्यांवर विणकर, बायको, लोहार आणि रेघवाली. गल्ली दारात गोळा झालेली. दोर ओढण्याआधी विणकरानं सवयीनं ताणा ओढून घट्ट केला. विणायला बसण्याआधी करतात तसा.

"ओढा," तो म्हणाला.

लोहाराचा हात दणकट, त्याचा कोपरा आधी वर गेला. चौकट तिरकी झाली. क्षणभर सूत रडल्यासारखं वाजलं आणि मग पाऊस पडावा तसे धागे तटातट तुटत गेले.

कुणी हसलं नाही, हेच जास्त लागलं. विणकरानं दोर हळूहळू सैल करून माग खाली टेकवला. तुटकी टोकं बोटांत धरून उभा राहिला.

"पोरी," तो म्हणाला, "तुझा अभ्यास झाला असेल तर तू आपल्या घरी जा."

रेघवालीनं पिशवी भरली. पण दारातून बाहेर पडण्याऐवजी ती मागापाशी येऊन बसली. विणकराची बायको खड्ड्यात पाय सोडून तुटलेला एकेक धागा शोधत, थुंकी लावत, गाठ मारत होती.

"माझी चूक झाली, काकू. मी सगळं रिकाम्या मागावर करून पाहिलं. भरलेला माग कसा वागेल याचा विचारच केला नाही."

"तुझी एकटीची नाही. यांनी उचलायच्या आधी ताणा ओढून घेतला. हात आपोआप गेला. विणकराचा हात आहे, त्याला सैल सोडायला कुणी शिकवलेलंच नाही. बस. ही टोकं अशी घ्यायची, अशी फिरवायची, दाबायची."

रेघवाली बसली. पहिल्या दिवशी तिच्या गाठी सुटत होत्या. दुसऱ्या दिवशी बोटांच्या पेरांतून रक्त आलं. नंतर गाठ बसू लागली. गाठी मारता मारता दोघी बोलायच्या, की वर जाताना सूत घट्ट असेल तर चौकट जराही वाकली तरी तुटणारच. सैल असेल तर वाकेल, पण टिकेल. आणि चार माणसांची ताकद चार तऱ्हेची, त्यांचे हात एकदम कसे पडावेत?

विणकर बाहेर ओट्यावर बसून ऐकत होता. आत यायचा नाही आणि उठून जायचाही नाही.

एके दुपारी म्हातारीनं कांडी भरता भरता गुणगुणायला सुरुवात केली. तरुणपणी ती भजनाला पुढं बसायची. आवाज आता चिरकला होता, पण ताल ढळला नव्हता.

*हलकं कर रे देवा, हलकं कर,*
*भार तुझा, हात माझा, हलकं कर.*

रेघवालीच्या हातातली गाठ अर्धी राहिली. 'हलकं' म्हणताना म्हातारीचा गुडघा दर वेळी वर येत होता. तिनं काकूंकडे पाहिलं. काकूंच्याही ते ध्यानात आलं होतं.

"आई," सुनेनं हाक मारली, "जरा मोठ्यानं म्हणा."

शेवटची गाठ पडली त्या दिवशी पुन्हा चौघं चार दोरांपाशी उभी राहिली. कुणी बोलावलं नव्हतं तरी गल्ली आली होती. विणकर मागापुढं उकिडवा बसला. ताणा बांधलेल्या दोरीवर त्याची मूठ होती. ती सुटेना.

"सैल सोडा," बायको म्हणाली. तिचा आवाज मऊ होता. मागच्या पुरानंतर तो तसा पहिल्यांदाच ऐकू येत होता.

मूठ उघडली. धागे झोळीसारखे खाली लोंबले. त्यानं तोंड फिरवून आपला दोर धरला. उंबऱ्यावरून म्हातारीनं सूर लावला. 'हलकं' वर ओढायचं, 'देवा' वर थांबायचं. लोहारसुद्धा, देवाचं नाव घेताना ज्याचं तोंड कडू व्हायचं, तो मुकाट्यानं तालावर आला. चौकट पाळण्यासारखी सरळ वर गेली आणि आढ्याला टेकली. त्यांनी दोर बांधले. एकही धागा तुटला नव्हता.

न्हावी म्हणाला, "आता ह्याच्याखाली दाढ्या करायला बसतो. सावली झकास आहे."

मग गल्लीत एकेक पहार निघाली. लोहाराच्या भट्टीला उसंत नव्हती. रेघवालीनं प्रत्येक घराची तुळई पाहिली, दोन घरांची नाकारली, तिथं नवे खांब उभे राहिले. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं, की पाणी आलं तर नदीकडचं सखल घर आधी, मग चढानं वर वर. ज्यांचे हात रिकामे, त्यांनी म्हाताऱ्यांना आणि पोरांना शाळेत न्यायचं. विणकराचं घर गल्लीच्या वरच्या टोकाला होतं, म्हणजे त्याचा नंबर सगळ्यांत शेवटी. तो 'बरं' म्हणाला. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं.

पाणी आलं ते स्वच्छ उन्हात. दिवस पावसाचे नव्हतेच. दुपारची जेवणं आटोपत होती. वरच्या गावातून मास्तरांना फोन आला, आणि घंटा वाजायला लागली ती थांबेना.

विणकर खड्ड्यात होता. ठोका अर्ध्यात थांबला. उंबऱ्यावर म्हातारीची मान वर झाली. बायको चुलीपाशी उभी राहून त्याच्या हाताकडे बघत होती. हात ताण्याच्या दोरीवर गेला.

त्यानं दोरी सोडली. ताणा सैल लोंबला. खड्ड्यातून वर येऊन त्यानं पायांत चपला सरकवल्या.

"चल," तो बायकोला म्हणाला, "खालच्या घरी आधी."

"तुम्ही पुढं व्हा. मी आईंना शाळेत सोडून येते."

"मी कुठं जात नाही," म्हातारी म्हणाली. "सूर कोण लावणार? माझं घर झाल्यावर बघू."

वाद घालायला वेळ नव्हता. ती दोघं आणि रेघवाली उतारानं पळाली. लोहार आधीच पोचला होता. सखल घराच्या अंगणात नदी येऊन बसली होती, तांबडी, काड्याकुड्या चघळत. चौघांनी दोर धरले. वरून, गल्लीच्या टोकावरून, म्हातारीचा चिरका आवाज पाण्याच्या घोंगावण्यावरून येत होता. पहिला माग वर गेला. घरधनी रडत होता आणि गातही होता.

दुसरं घर. तिसरं. आता ते एकटे चौघं राहिले नव्हते. सुटलेली घरं पुढच्या घराला हात देत होती. दोन घरांतून एकदम गाणं उठत होतं. पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला. एका घरी कप्पी अडकली. लोहारानं खांद्यानं चौकट उचलून धरली, विणकर तुळईवर चढला, दोर मोकळा केला. उतरून बाहेर पडताना त्यानं स्वतःच्या घराकडे एकदा पाहिलं. पाणी त्याच्याही पायरीला लागलं होतं. तो पुढच्या घरात शिरला.

त्याची बायको मागून दोर घेऊन येत होती. तिनं हे पाहिलं.

अखेर ते आपल्या दारी आले तेव्हा खड्ड्यात पाणी गुळगुळ उतरत होतं. उंबऱ्यावर म्हातारी पाय वर घेऊन बसली होती. घसा बसला होता, ओठ हलत होते. आता गाणं गल्ली म्हणत होती. बाहेर पाण्यात उभी राहून सगळी माणसं म्हणत होती. चौघांनी ओढलं. माग खड्ड्यावरून सुटला आणि वर वर जात आढ्याला टेकला, पांढरं सूत, वीतभर निळं कापड, दातांत धागे धरलेली फणी. दोरांना गाठी पडल्या.

विणकर उंबऱ्यापाशी आला आणि पाण्यात गुडघा टेकून पाठ वळवली.

"ये आई."

म्हातारीनं त्याच्या गळ्यात हात टाकले. "जड झालेय का रे?"

"छे. तू कांडीएवढी आहेस."

बायकोनं गाठोडं उचललं. लोहारानं रेघवालीचा दंड धरला होता, कारण तिचे पाय चिखलात रुतत होते. टेकाड चढताना कुणी मागं वळून पाहिलं नाही. शाळेत पोचल्यावर मास्तरांनी माणसं मोजली. गल्लीतलं एकही माणूस कमी नव्हतं. कोंबडीही आली होती, आणि या वेळी नवराही.

पाणी ओसरलं. भिंतींवर छातीएवढी तांबडी रेघ राहिली. तिच्या कितीतरी वर माग लोंबत होते, कोरडे. लोकांनी चिखल उपसला, खड्डे सुकवले, खाचा साफ केल्या आणि गात गात माग उतरवले. दुसऱ्या गावांत अजून छपरं शोधणं चाललं होतं, तेव्हा या गल्लीत धोटे धावू लागले.

रेघवालीचे कॉलेजातले सर तेव्हा आले. सभ्य, पांढऱ्या केसांचे, बुटांना चिखल लागला तरी कपाळाला आठी न घालणारे. ते घरोघर फिरले, कप्प्यांवरून हात फिरवला, मग विणकराच्या दारात येऊन त्यांनी तिचाच जुना प्रश्न विचारला.

"पूर आला तर तुम्ही आधी काय उचलता?"

विणकरानं धोटा थांबवला. रेघवालीकडे पाहिलं. मग सरळ सरांच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "आधी माग."

"आणि आई?"

उंबऱ्यावर कांड्या भरणारी म्हातारी हसली. "आधी माग उचलला साहेब," ती म्हणाली, "म्हणून मला उचलायला त्याची पाठ मोकळी होती."

सरांनी म्हातारीपुढं वाकून नमस्कार केला.

विणकराची बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. दारात ठेवण्यासाठी ती वाकली, पण तशीच सरळ झाली आणि आत जाऊन खड्ड्याच्या काठावर बसली. तांब्या तिनं त्याच्या हातात दिला. तो पाणी प्यायला. त्यानं ताण्याची दोरी ओढून घट्ट केली, आणि धोटा सुटला.

उंबऱ्यावर म्हातारीचा गुडघा ठेक्याबरोबर वर-खाली होऊ लागला.